दोन ऑफर्स, एक सनद

हातात एकच ऑफर असली की आयुष्य सोपं असतं. पेढे आणायचे, देवापुढे ठेवायचे, दोस्तांना पार्टी द्यायची आणि एक तारखेला नवीन शर्ट घालून हजर व्हायचं. बात खतम! खरी पंचाईत दोन ऑफर्स आल्यावर होते. मग रात्रीची झोप उडते, एक्सेलमध्ये रंगीत तक्ते तयार होतात आणि ज्यांना वर्षभर साधा हॅपी बर्थडे केला नाही, अशा सीनियर्सना अचानक 'सर, पाच मिनिटं आहेत का?' असे मेसेज जायला लागतात.

त्यातही एक ऑफर कायद्याची आणि दुसरी पैशाच्या धंद्यातली असेल तर विचारूच नका. एक म्हणते, आत्ता ये, आत्ता घे. दुसरी म्हणते, आत्ता खस्ता खा, पुढचं पुढे बघू. आपण पुण्या-मुंबईत कॉफी ढवळत ही चर्चा करतो तेव्हा ती बहुतेक वेळा काचेच्या इमारतीतली लॉ फर्म विरुद्ध काचेच्याच इमारतीतली इन्व्हेस्टमेंट बँक अशी असते. दोन्हीकडे एसी, दोन्हीकडे फुकट कॉफी. चुकलं तरी कुणी उपाशी राहत नाही. त्यामुळे या आठवड्यात मी तुम्हाला थेट बुलडाणा जिल्ह्यात नेणार आहे. तिथे हाच प्रश्न एसीशिवाय विचारला जातो आणि म्हणून जास्त स्वच्छ दिसतो.

खामगावची केस

माझी मावसबहीण खामगावची. वय २४. नागपूरहून एलएलबी, मग सनद. (सनदेचं बरं झालं. सुप्रीम कोर्टानं ३० जुलै २०२४ला बार कौन्सिलांचे कान उपटले आणि नोंदणी शुल्क खुल्या गटासाठी ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये, त्याच्या वर एक पैसा नाही, असं सांगून टाकलं.) घरी कोरडवाहू शेती, कापूस आणि सोयाबीन. धाकटा भाऊ इंजिनीअरिंगला. पीक कर्ज आहे, घराचा हप्ता आहे. म्हणजे आपल्यापैकी अर्ध्या लोकांच्या गावच्या घरी असतं तेच.

तिच्यासमोर तीन कागद होते. पहिला, एका सरकारी बँकेत लॉ ऑफिसर, स्केल वन. दुसरा, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात प्रॅक्टिस करणाऱ्या एका वकिलांकडे ज्युनिअर म्हणून. महिना ८,००० रुपये आणि 'शिकायला भरपूर मिळेल'. तिसरा, जिल्ह्यातल्याच एका पतसंस्थेत वसुली विभागात, २२,००० रुपये आणि घरचं जेवण.

घरात मतदान झालं. काका म्हणाले, ''बँकेत लागली त मंग काय पायजे? काहून एवढा इचार करतं?'' मावशीचं मत पतसंस्थेला, कारण पोरगी डोळ्यासमोर राहील. भाऊ म्हणाला, ''ताई, तू काळा कोटच घाल.'' मग तिनं मला फोन केला. ''दादा, तू तर दर आठवड्याला लोकांना सल्ले देतो. आता घरच्यांना दे.''

सनदेचा भाव किती?

मी आधी कॅलक्युलेटर काढला. करिअरवरच्या चर्चेत लोक पॅशन, ड्रीम वगैरे शब्द आधी काढतात आणि आकडे शेवटी. उलटं करावं. आकडे मांडले की पॅशन नेमकी केवढ्याला पडते ते कळतं आणि मग ती परवडते का, हे ठरवता येतं.

२०२४च्या वेतन करारानुसार सरकारी बँकेत स्केल वन अधिकाऱ्याचा मूळ पगार ४८,४८० रुपयांपासून सुरू होतो. महागाई भत्ता, घरभाडं वगैरे वेगळं, पण ते सोडून देऊ. नुसता मूळ पगार धरला तरी चेंबरमधल्या ८,००० रुपयांपेक्षा तो महिन्याला ४०,४८० रुपयांनी जास्त. तीन वर्षं म्हणजे ३६ महिने. गुणाकार करा: १४ लाख ५७ हजार २८० रुपये.

हा झाला सनद 'चालू' ठेवण्याचा तीन वर्षांचा भाव. चालू हा शब्द महत्त्वाचा. बऱ्याच जणांना वाटतं, नोकरी करू, सनद कपाटात असेलच. तसं नसतं. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिलाला प्रॅक्टिस करता येत नाही. बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित करावी लागते. बँकेत लॉ ऑफिसर व्हायला सनद लागते आणि झाल्यावर तीच बाजूला ठेवावी लागते. आहे की नाही गंमत!

आता ८,००० बद्दल. बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४मध्ये एक परिपत्रक काढलं. शहरात ज्युनिअर वकिलाला महिन्याला किमान २०,००० आणि ग्रामीण भागात किमान १५,००० रुपये द्यावेत, अशी त्यात शिफारस आहे. शिफारस म्हणजे शिफारसच, सक्ती नाही. पण कागद हातात असला की बोलता येतं. मी तिला म्हटलं, परिपत्रक घेऊन जा आणि नम्रपणे विचार. ती गेली. आठाचे बारा झाले! म्हणजे भाव उतरला. नवा फरक ३६,४८०, तीन वर्षांचे १३ लाख १३ हजार २८०. एका दहा मिनिटांच्या संभाषणाची किंमत दीड लाखाच्या आसपास. पगाराची बोलणी करायला लाजणाऱ्या तमाम मराठी मुलामुलींनी हे वाक्य फ्रिजवर चिकटवावं.

कुठलं दार आधी बंद होतं?

माझ्या मते दोन ऑफर्समध्ये विचारायचा सगळ्यात कामाचा प्रश्न हा आहे. 'कुठली चांगली?' हे विचारून डोकं दुखतं. 'आज नाही म्हटलं तर कुठली पुन्हा मिळेल?' हे विचारा.

बँकांच्या लॉ ऑफिसरची भरती आयबीपीएसच्या परीक्षेतून होते आणि वयाची सर्वसाधारण मर्यादा ३० आहे. म्हणजे २४व्या वर्षी नाही म्हणणाऱ्या मुलीला हे दार आणखी काही वर्षं ठोठावता येतं. जागा किती निघतील, परीक्षा पुन्हा निघेल का, याची हमी नाही, पण दाराला कुलूप नाही.

दुसरीकडे बघा. तिच्या मनात कुठेतरी न्यायाधीश व्हायचं होतं. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर. लोक ज्याला जेएमएफसी म्हणतात ते. सुप्रीम कोर्टानं २० मे २०२५च्या निकालात या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची जुनी अट पुन्हा आणली. तात्पुरत्या नोंदणीपासूनची वर्षं त्यात धरली जातात, न्यायाधीशांकडे लॉ क्लार्क म्हणून केलेलं कामही धरलं जातं. बँकेतल्या टेबलाचा त्यात उल्लेख नाही. (या विषयावर वाद चालूच असतात, तेव्हा अर्ज भरण्याआधी ताजी जाहिरात शब्दन् शब्द वाचा.)

म्हणजे हिशोब असा. आधी चेंबर, तर २७व्या वर्षी तीन वर्षांची प्रॅक्टिस खिशात आणि बँकेचं दार अजून किलकिलं. आधी बँक, तर २७व्या वर्षी बँक खिशात, पण प्रॅक्टिस शून्यावर. नुसत्या दारांच्या हिशोबात चेंबर जिंकतं. मी तिला तसं सांगितलंही.

बॉण्ड, नुसता बॉण्ड

बँकेच्या ऑफर लेटरच्या चौथ्या पानावर एक छोटा परिच्छेद होता. तीन वर्षांच्या आत सोडलं तर दोन लाख रुपये भरा. ''हे कोर्टात टिकत नाही, सगळे म्हणतात,'' ती म्हणाली. वकील असून!

टिकतं. विजया बँकेच्या प्रकरणात हाच वाद होता. एका अधिकाऱ्यानं २००७मध्ये नोकरी धरली, २००९मध्ये आयडीबीआय बँकेत जाण्यासाठी सोडली, दोन लाख निषेध नोंदवून भरले आणि बँकेला कोर्टात खेचलं. तीन वर्षांचा आणि दोन लाखांचाच बॉण्ड. कर्नाटक हायकोर्ट अधिकाऱ्याच्या बाजूनं गेलं. पण १४ मे २०२५ला सुप्रीम कोर्टानं निकाल फिरवला. युक्तिवाद समजून घेण्यासारखा आहे. भारतीय करार कायद्याचं कलम २७ माणसाला त्याचा धंदा करण्यापासून रोखणारे करार रद्द ठरवतं. पण इथे अट नोकरीच्या काळापुरती आहे. सोडल्यावर तू दुसरीकडे जाऊ नकोस, असं बँक म्हणत नाही. शिवाय सरकारी बँकेला एक माणूस गेला की जाहिरात, परीक्षा, मुलाखत असं सगळं पुन्हा करावं लागतं. आणि त्या पदाच्या पगाराच्या मानानं दोन लाख अवाच्या सवा नाहीत.

त्यामुळे 'बॉण्ड काय, कागदी वाघ!' हा कॅन्टीनमधला फंडा सोडून द्या. पण घाबरूनही जाऊ नका. बॉण्डला बेडी समजू नका, तो किमतीचा टॅग आहे. वर्षभरानं सोडलं असं धरा. मूळ पगाराचे बारा महिन्यांचे ५,८१,७६०. त्यातून दोन लाख वजा. उरले ३,८१,७६०, म्हणजे महिन्याला जवळपास ३१,८००. चेंबरच्या बारा हजारांपेक्षा तरीही जास्तच. बॉण्ड भरून निघालेला माणूससुद्धा खड्ड्यात जात नाही. जातं ते एक वर्ष. त्याचा टॅग कुठल्याच पत्रावर छापलेला नसतो.

बुलडाण्याचा धडा

आता मावशीची आवडती ऑफर, पतसंस्था. बुलडाणा जिल्ह्यात हा शब्द हलक्यानं घेऊन चालत नाही. राधेश्याम चांडक, म्हणजे सगळ्यांचे भाईजी, यांनी १९८६मध्ये बुलडाणा अर्बन को-ऑपरेटिव्ह क्रेडिट सोसायटी सुरू केली आणि जिल्ह्याचं नाव सहकाराच्या नकाशावर देशभर गेलं. गोदामात शेतमाल ठेवून त्यावर कर्ज घेणं इथल्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. त्यामुळे गावातल्या मुलाला फायनान्समधली नोकरी म्हटलं की दलाल स्ट्रीट आठवत नाही, चौकातली पतसंस्थेची पाटी आठवते. यात हसण्यासारखं काहीच नाही.

पण याच जिल्ह्यानं दुसरी बाजूही पाहिली आहे. बुलडाणा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेला २०१२मध्ये रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला. २०१४मध्ये केंद्रानं देशातल्या अशा २३ जिल्हा बँकांसाठी पुनरुज्जीवनाची योजना आणली. त्यात महाराष्ट्रातल्या तीन होत्या: नागपूर, वर्धा आणि बुलडाणा. मलकापूर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर नोव्हेंबर २०२१मध्ये निर्बंध आले, पैसे काढण्यावर १०,००० रुपयांची मर्यादा लागली आणि जुलै २०२३मध्ये परवानाच रद्द झाला. पुरेसं भांडवल नाही आणि कमाईची शक्यताही नाही, असं रिझर्व्ह बँकेचं म्हणणं होतं. ९७ टक्क्यांहून अधिक ठेवीदार विम्यातून पूर्ण रक्कम मिळण्यास पात्र होते, कारण बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो.

इथे दोन गोष्टी डोक्यात पक्क्या करा. एक, हा विमा बँकांना असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला, मग ती संस्था कितीही मोठी आणि चांगली असो, तो लागू नाही. दोन, ठेवीचा विमा निघतो, नोकरीचा निघत नाही. संस्था बुडाली की ठेवीदार फॉर्म भरतो. कर्मचारी बायोडेटा भरतो.

म्हणून पैशाच्या धंद्यात नोकरी धरताना संस्थेनं तुमची मुलाखत घेतली की तुम्हीही तिची घ्या. मागच्या तीन वर्षांचे वार्षिक अहवाल मागा. थकबाकी वाढतेय की घटतेय? लेखापरीक्षणात कुठला वर्ग मिळाला? बँक असेल तर रिझर्व्ह बँकेनं कधी दंड किंवा निर्बंध लावले का? माझ्या बहिणीनं हे अहवाल मागितले. ''बघू, पाठवतो'' असं उत्तर आलं. अहवाल काही आला नाही. तिसरा कागद तिनं त्याच दिवशी बाजूला ठेवला.

भिंत आहे का खरंच?

आपण कायदा आणि फायनान्स ही दोन वेगळी गावं असल्यासारखं बोलतो. तालुका कोर्टात एक दिवस बसून बघा. चेक न वटल्याच्या कलम १३८च्या केसेस, पतसंस्थांचे सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचे वसुली दाखले, कर्जासाठी जमिनीचा सर्च रिपोर्ट. अर्धी वकिली पैशाच्या मागे धावत असते. मोठं कर्ज असेल तर प्रकरण नागपूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात जातं. सहकारी बँकांना सरफेसी कायदा वापरता येतो, हे सुप्रीम कोर्टानं ५ मे २०२०ला ठरवलं तेही कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात. २०१६च्या दिवाळखोरी संहितेनंतर तर ताळेबंद वाचता येणारा वकील आणि कलम वाचता येणारा अकाउंटंट दोघांचाही भाव वाढला.

आणि या दोन्ही गोष्टी एका माणसात बसवणारा आपल्याकडचा सगळ्यात मोठा दाखला म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९१८मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक. १९२३मध्ये लंडनला रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध आणि डीएससी. मधल्या काळात ग्रेज इनमधून बॅरिस्टर. १९२३मध्येच मुंबईत वकिलीला सुरुवात. प्रॅक्टिस बसेपर्यंत घर चालवायला त्यांनी एका अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदाही शिकवला. जोडकाम करत पाय रोवणं हा कमीपणा नाही, हे एवढ्या मोठ्या माणसाच्या चरित्रात लिहिलेलं आहे. आजही वकिलाला सनद न सोडता दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवता येतो, १९७९पासून तसा नियमच आहे. चेंबर निवडणाऱ्यांनी तो वाचावा.

मग तिनं काय केलं?

तिनं बँक घेतली.

मी तिला पुन्हा दारांचा हिशोब ऐकवायला घेतला. तिनं मला थांबवलं. ''दादा, तुझा हिशोब बरोबर हाय. पण त्यात तेरा लाख कोण भरणार, ते नाही लिहिलेलं. ते बाबा भरतील. कापूस विकून.'' पुढे म्हणाली, ''भावाची दोन वर्षं राहिली. तीन वर्षांत त्याचं होतं, घराचं निम्मं होतं. मग मी सत्तावीसची. तेव्हा काळा कोट घालीन नाहीतर नाही घालणार, पण तेव्हा जे करीन त्याचे पैसे दुसऱ्याच्या खिशातून जाणार नाहीत.''

मला आजही वाटतं की चेंबर हा तिच्यासाठी जास्त चांगला रस्ता होता. तिच्या हातात चांगली वकील आहे, हे तिला वाद घालताना ऐकलेल्या कुणालाही कळेल. पण हप्ता मी भरणार नव्हतो. आणि जो हप्ता भरणार नाही त्याच्या मताला सल्ला म्हणतात, निर्णय नाही.

एक मात्र तिनं केलं, आणि ते मला फार आवडलं. रुजू होताना वसुली आणि कायदा विभागाचं काम मागून घेतलं. सरफेसीच्या नोटिसा, न्यायाधिकरणातल्या तारखा, पॅनेलवरच्या वकिलांचे मसुदे तपासणं. प्रॅक्टिस म्हणून मोजलं जाणार नाही, पण डोक्यात राहील. पगारातून दर महिन्याला ५,००० रुपये वेगळ्या खात्यात टाकते. खात्याचं नाव तिनं ठेवलंय 'कोट'. ३६ महिन्यांत मुद्दल १ लाख ८० हजार. मधेच सोडावंसं वाटलं तर बॉण्डचा मोठा भाग त्यात निघेल, आणि तीन वर्षं पूर्ण झाली तर चेंबरमधल्या पहिल्या वर्षाचं नागपूरचं भाडं.

वीकएंडचा होमवर्क

तुमच्याही टेबलावर दोन कागद असतील तर या शनिवारी एवढं करा.

- दोन्ही ऑफर्सचा तीन वर्षांचा फरक रुपयांत काढा. सीटीसी नको, हातात येणारा आकडा धरा. मग त्या आकड्यासमोर तो कोण भरणार आहे, त्याचं नाव लिहा.
- ऑफर लेटर शेवटच्या पानापासून पहिल्या पानाकडे वाचा. बॉण्ड, नोटीस पीरियड, प्रोबेशन, बदली ही मंडळी नेहमी मागच्या बाकावर बसतात.
- सनद किंवा तत्सम परवाना असेल तर तो चालू राहणार की स्थगित होणार, हे लेखी विचारा.
- प्रत्येक ऑफरसमोर लिहा: आज नाही म्हटलं तर ही पुन्हा कितव्या वर्षापर्यंत मिळू शकते?
- कमी पैशांच्या ऑफरवर एकदा तरी बोलणी करा. जास्तीत जास्त काय होईल? नाही म्हणतील.
- आणि ज्या संस्थेत जाताय तिचा वार्षिक अहवाल मागा. देत नसतील तर तेच उत्तर समजा.

एवढं करूनही दोन्ही पारडी समान राहिली तर? तर अभिनंदन, तुमच्याकडे दोन चांगल्या ऑफर्स आहेत. नाणं उडवा आणि कामाला लागा. सोमवार येतोच आहे.